पंधरा आकडी बिबट्या

"त्याला चिप बसवलेली असती ना, मग कळत कसं नाही कुठं फिरतोय ते?" जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात बिबट्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात येतो, मंचरला चहाच्या टपरीवर येतो, रात्रीची लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडून येतो. विचारणाऱ्याचा राग खरा असतो. कुणाच्या गोठ्यातून शेळी गेलेली असते, कुणाच्या शेजारच्या वस्तीवरचं लेकरू गेलेलं असतं. बिबट्याच्या अंगात वनखात्याने काहीतरी बसवलं आहे हे त्याने ऐकलेलं असतं, आणि तरी आज रात्री तो बांधावर आहे की नाही हे कुणालाच का सांगता येत नाही, हे कोडं त्याला सुटत नाही.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'ओळख' हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोक्यात हाच प्रश्न आला. उत्तर थोडक्यात देता येतं. बिबट्या कुठे आहे ते चिप सांगत नाही. तो कोण आहे ते सांगते, आणि तेही वीतभर अंतरावरून, नीट विचारलं तर. मात्र या नीट विचारण्यात तारेचं वेटोळं, लोखंडी पिंजरा, पंधरा आकडे आणि एक नोंदवही एवढं सगळं येतं. लोकांना चिपकडून जे हवं आहे ते ती देऊ शकत नाही. पण जे देते त्याचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही, असं मला वाटतं.

फडातली पिल्लं

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांचं पाणी कालव्यांनी खाली उतरलं आणि जिथे बाजरी-मटकी निघायची त्या शिवारात ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष रानात असतो. आत गारवा, जवळ पाणी, माणसाची वर्दळ नाही. बाहेर पडलं की कुत्री, डुकरं, शेळ्या. बिबट्याची मादी तिथेच विते.

विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊसतोड टोळ्या फडात उतरतात. कोयत्यापुढचा ऊस आडवा होत जातो आणि एखाद्या सरीत पाचटावर दोन-तीन पिल्लं दिसतात. तोड थांबते, वनरक्षकाला फोन जातो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. 2007 पासून वनखात्याच्या बरोबरीने वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते चालवते. तिथलं पथक येतं. पिल्लाला फडक्यात धरून वजन होतं, गोचिड्या काढल्या जातात, नर की मादी ते पाहिलं जातं. आणि पिल्लू पुरेसं मोठं असेल तर चिप बसवली जाते.

चिप बसवण्याआधी रीडर अंगावरून फिरवायचा असतो. मानेपासून शेपटीच्या बुंध्यापर्यंत, अंगाला जवळजवळ टेकवून, सावकाश. आधीची चिप निघाली तर दुसरी बसवायची नाही. काही निघालं नाही की जाड सुईच्या सिरिंजमधून चिप कातडीखाली सोडतात आणि लगेच पुन्हा रीडर धरतात. पडद्यावर आकडा उमटला की तो पाकिटावरच्या चिकटपट्टीशी ताडून पाहायचा. संध्याकाळी पिल्लं खोक्यात घालून सापडली त्याच जागी ठेवतात, जवळ कॅमेरा लावतात आणि माणसं लांब जातात. बहुतेक वेळा आई येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. त्या पिल्लाचा आणि माणसाचा पुढचा संबंध कदाचित चार वर्षांनी, दुसऱ्या तालुक्यात, पिंजऱ्याच्या गजांतून येईल. तेव्हा त्याची ओळख पटवणारी खूण ही कातडीखालची चिपच असेल.

हलवलेले बिबटे

ओळख पटवण्याचा एवढा आटापिटा कशासाठी, हे कळायला 2001 ते 2003 ची जुन्नरची वर्षं आठवावी लागतात. त्याआधी या भागात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चारेक हल्ले होत. त्या वर्षांत ते सतरावर गेले. उपाय म्हणून पिंजरे लागत होते, आणि पकडलेला बिबट्या डोंगरातल्या जंगलात नेऊन सोडला जात होता. उसातून काढला, जंगलात घातला, प्रश्न मिटला, असा तो हिशेब. आणि कुणालाही तो बरोबरच वाटला असता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या सगळ्या नोंदी लावून 2011 मध्ये निष्कर्ष छापला. 29 बिबटे सरासरी साडेएकोणचाळीस किलोमीटरवर नेऊन सोडले होते, आणि हल्ले वाढले ते त्यानंतर, सोडलेल्या जागांच्या आसपास.

अत्रेय आणि पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे यांनी वनखात्याबरोबर पकडलेल्या बिबट्यांना चिप बसवायला सुरुवात केली ती याच काळात. तोवर पकडलेला बिबट्या नवा की जुना हे अंदाजावर चाले. अंगावरच्या ठिपक्यांवरून ओळखता येतो हे खरं, पण त्यासाठी दोन्ही कुशींचे चांगले फोटो आधीचे आणि आताचे, दोन्ही हवेत. चिपमुळे तो प्रश्न एका आकड्यावर आला. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात बाहेरून आणलेले बिबटे सोडले, तिथे माणसांवर हल्ले झाले, आणि नंतर पकडलेल्या प्राण्याच्या अंगात चिप निघाली. वाद घालायला जागा उरली नाही. एका ठिकाणचं संकट दुसरीकडे नेऊन सोडलं जात होतं, हे त्या आकड्याने दाखवलं. घाबरलेला, अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी घराकडे निघतो, वाटेत वस्त्या लागतात, आणि तिथे ज्यांचा जीव जातो त्यांचा या सगळ्याशी काहीही संबंध नसतो.

एका बिबट्याची गोष्ट तर सिनेमापर्यंत गेली. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक वयस्क नर बाहेर काढला, त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर घातली आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. लोक त्याला 'आजोबा' म्हणू लागले. जुन्नर तालुक्याच्या कडेवरून निघालेला हा आजोबा महिनाभरात सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. ही चाल कळली ती कॉलरमुळे. पण कॉलरला बॅटरी असते आणि बॅटरी संपते. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला, तेव्हा तो आजोबाच आहे हे कातडीखालच्या चिपने सांगितलं. दोन साधनांचा फरक यापेक्षा स्पष्ट करणारं उदाहरण मला माहीत नाही.

बॅटरी नसलेली वस्तू

कुत्र्या-मांजरांना चिप बसवणाऱ्या एका पशुवैद्यकांनी मला चाचणीची चिप आणि हातात धरायचा रीडर वापरून पाहायला दिला. चिप म्हणजे बारा मिलिमीटर लांब, दोन मिलिमीटर जाड काचेची कुपी. प्रकाशात धरली तर आतली तांब्याची तार दिसते, केसाहून बारीक, फेराइटच्या काडीभोवती शेकडो वेढे घेतलेली. टोकाला सिलिकॉनचा कण. बस. बॅटरी नाही, त्यामुळे संपण्यासारखंही काही नाही. बिबट्याच्या आयुष्यापेक्षा चिपचं आयुष्य मोठं असतं.

रीडरचं बटण दाबलं की त्याच्या अँटेनातून सेकंदाला 1,34,200 आवर्तनं करणारं चुंबकीय क्षेत्र बाहेर पडतं. चिप त्या क्षेत्रात आली की तिच्या तारेत वीज निर्माण होते. ही वीज अगदीच क्षीण असते, म्हणून चिपमधली तार आणि तिला जोडलेला कपॅसिटर अशा मापाचे निवडतात की नेमक्या याच वारंवारतेला त्यांचा अनुनाद व्हावा. झोक्याला बरोबर वेळेवर हात लावत गेलं तर हलक्या हातानेही तो उंच जातो, तसं चिपमधलं विजेचं दोलन वाढत जातं आणि सिलिकॉनचा कण जागा होतो. तो काही 'प्रक्षेपण' करत नाही. स्वतःच्या तारेवरचा भार तो ठरावीक लयीत कमी-जास्त करतो, त्याने रीडरच्या अँटेनातल्या व्होल्टेजमध्ये किंचित चढउतार होतो, आणि रीडर तो चढउतार वाचतो. शिवारात फिरणारा बिबट्या गावातल्या एखाद्या टॉवरला का दिसत नाही, त्याचं कारण हे. रीडरशिवाय चिप पूर्ण मुकी असते.

आकड्याची घडण

चिप बोलते ते 128 बिटांत. एक बिट पाठवायला वाहक लहरीची 32 आवर्तनं लागतात, म्हणजे पूर्ण निरोप सेकंदाच्या तेहेतिसाव्या भागात येतो आणि चिप जागी असेपर्यंत तोच तोच निरोप फिरून फिरून येत राहतो. रीडरने मधूनच ऐकायला सुरुवात केली तर निरोपाचं तोंड कुठलं हे त्याला कसं कळावं? त्यासाठी सुरुवातीला ओळीने दहा शून्य आणि मग एक, अशी खूण ठेवली आहे. ही खूण निरोपात दुसरीकडे चुकूनही येऊ नये म्हणून पुढच्या प्रत्येक आठ बिटांनंतर एक '1' सक्तीने घातलेला असतो; मग लागोपाठ दहा शून्य पडूच शकत नाहीत. आकड्यानंतर सोळा बिटांची पडताळणी असते. हिशेब जुळला नाही तर रीडर तो निरोप टाकून देतो, चुकीचा आकडा दाखवत नाही. इतकी काटेकोर रचना इतक्या लहान जागेत बसवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मूळ ओळखीला 64 बिट आहेत. एक बिट सांगतो की हा प्राणी आहे. दहा बिट देशाच्या किंवा उत्पादकाच्या संकेतांकाचे. भारताचा आकडा 356, आणि 900 पासून पुढचे आकडे चिप बनवणाऱ्या कंपन्यांना वाटलेले. खरा क्रमांक 38 बिटांचा, म्हणजे एका संकेतांकाखाली 27,487 कोटींहून अधिक क्रमांक मावतात. पडद्यावर हे सगळं पंधरा आकड्यांच्या रूपात दिसतं: पहिले तीन संकेतांकाचे, पुढचे बारा त्या जनावराचे.

हा क्रमांक चिपमध्ये कोण घालतं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चांगल्या चिपमध्ये तो कारखान्यातच लिहितात आणि कायमचा कुलूपबंद करतात. पण बाजारात पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपाही मिळतात, स्वस्त यंत्राने त्यांत हवा तो क्रमांक भरता येतो. बिबट्याच्या बाबतीत खोटेपणा कोण करणार, असं वाटेल. पण चिप कुलूपबंद नसेल तर क्रमांक चुकून बदलू शकतो, आणि दोन चिपांत एकच क्रमांक असेल तर दोन जनावरांचा इतिहास एकमेकांत मिसळतो. त्यामुळे खरेदी करतानाच कुलूपबंद चिपचा आग्रह धरायला हवा.

वेटोळं आणि गज

आता अँटेना. माझ्या हातातल्या रीडरच्या टोकाला प्लास्टिकच्या आत गोल वेटोळं होतं. चिप त्या वेटोळ्याच्या मध्यावर, टोक वेटोळ्याकडे करून धरली तर वीतभरावरून आकडा उमटत होता. तीच चिप तिथेच आडवी केली की काहीच नाही. आडवीच ठेवून वेटोळ्याच्या कडेवर सरकवली तर आकडा परत हजर. चुंबकीय रेषा मध्यभागी सरळ बाहेर येतात आणि कडेपाशी वळतात. चिपच्या तारेतून रेषा आरपार गेल्या तरच वीज होते. रीडर एका जागी धरून चालत नाही, तो फिरवावा लागतो, तिरका करावा लागतो, ते यासाठी.

मोठं वेटोळं केलं तर लांबून वाचता येईल, असं कुणीही म्हणेल. काही मर्यादेपर्यंत ते खरं आहे. जितक्या अंतरावरून वाचायचं त्याच्या साधारण दीडपट त्रिज्येचं वेटोळं सोयीचं ठरतं. त्याहून मोठं केलं की तेवढ्याच विजेत क्षेत्र पातळ होतं. आणि वेटोळ्यापासून दूर गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं: अंतर दुप्पट, क्षेत्र आठव्या हिश्शावर. पंजाभराच्या रीडरने शेतापलीकडचा बिबट्या वाचायची कल्पना इथेच संपते.

वेटोळं आणि कपॅसिटर यांची जोडी रीडरमध्येही जुळवावी लागते. एक मिलिहेन्रीच्या वेटोळ्याला सुमारे 1.4 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला तर अनुनाद 134.2 किलोहर्ट्‌झला येतो. टेबलावर हे छान जुळतं. मग रीडर जातो पिंजऱ्यापाशी, आणि पिंजरा असतो लोखंडी. गजांमध्ये प्रवाह फिरू लागतात, ते क्षेत्र खाऊन टाकतात, वेटोळ्याचा इंडक्टन्स बदलतो आणि जुळवलेला अनुनाद सरकतो. मी लोखंडी जाळीवर रीडर आडवा टेकवून पाहिला तेव्हा वीतभराचं अंतर चार बोटांवर आलं. आत गुरगुरणारा, गजांवर झेप घेणारा बिबट्या असताना चार बोटं म्हणजे अशक्य. म्हणून खरं वाचन होतं ते जनावराला फुंकनळीने भूल देऊन बाहेर काढल्यावर. इकडच्या बिबट्यांना चिप शेपटीच्या बुंध्याशी बसवण्याची पद्धत पडली, तिचाही उपयोग होतो: शोधायचं कुठे हे ठाऊक असतं आणि तोंडापासून लांब राहता येतं.

चाळकवाडीच्या टोलनाक्यावर गाडी थांबते न थांबते तोच फास्टॅग वाचला जातो, मग बिबट्याचा का नाही, असंही विचारतात. फास्टॅग 865 ते 867 मेगाहर्ट्‌झवर चालतो. तिथे लहरीची लांबी वीत-दीड वीत असते, टॅगची चपटी अँटेना तिच्या मापाची करता येते आणि ती लहर काही मीटरवर परतवते. पण मधे काच आणि हवा आहे म्हणून. या लहरी पाण्यात मुरतात, आणि प्राण्याचं शरीर बहुतांशी पाणीच. 134.2 किलोहर्ट्‌झचं क्षेत्र कातडी-मांसातून बिनदिक्कत जातं. पल्ला सोडून दिला, शरीर पार करणं साधलं, असा तो सौदा आहे.

अँटेनाच्या बाबतीत जुन्नर तालुका तसा भाग्यवान. खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना, तारांच्या जाळीच्या. डोंगरांच्या आडोशाने रेडिओ गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली. दूरच्या दीर्घिकांमधून येणारे क्षीण संकेत तिथे ऐकतात, आणि इथे उसाच्या बांधावर बारा मिलिमीटरच्या काचेतला. दोन्हीकडे शत्रू गोंगाटच. हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांचे, मोबाइल चार्जरचे पुरवठे नेमके रीडरच्या वारंवारतेच्या आसपास खळबळ करतात. रात्री पिंजऱ्यापाशी जीपच्या इन्व्हर्टरवर दिवे लावून रीडर चालवला तर तो कमी ऐकतो. दिवे क्षणभर बंद करून पाहणं हा साधा उपाय आहे.

वाचन आपोआप व्हावं यासाठीही रचना करता येते. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या धरणांवर माशांच्या वाटांत दाराएवढी वेटोळी बसवली आहेत. चिप असलेला साल्मन आतून पोहत गेला की नोंद होते. पिंजऱ्याच्या तोंडाशी लाकडी किंवा फायबरच्या चौकटीत, लोखंडापासून हातभर दूर ठेवलेलं वेटोळं बसवलं, आणि पिंजरा जागेवर ठेवल्यावर तिथेच त्याचा अनुनाद जुळवला, तर आत शिरणाऱ्या बिबट्याचा क्रमांक भूल देण्याआधीच मिळेल. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांनी अंगावर घ्यावं असं हे काम आहे.

'नाही' आणि 'मिळाली नाही'

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन जीव घेतले. लोक रस्त्यावर उतरले, पुढे एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. अशा वेळी गाव एकच विचारतं: हाच होता का तो? पिंजरे लागतात, आठवड्यात तीन-चार बिबटे अडकतात, आणि ज्याने माणूस मारला तो त्यांत आहे की अजून उसात आहे, याचं उत्तर ठशांवरून, डीएनएवरून, फोटोंवरून आणि चिपवरून जुळवत आणावं लागतं. त्याच वर्षाच्या अखेरीस जुन्नर भागात माद्यांच्या नसबंदीच्या प्रायोगिक प्रकल्पाला केंद्राची मान्यता मिळाल्याचं राज्य सरकारने जाहीर केलं. नसबंदी झालेली मादी कोणती आणि न झालेली कोणती हे पाच वर्षांनी सांगता आलं नाही, तर त्या प्रयोगाचं फलित काय ते कुणालाच कळणार नाही.

इथे सगळा भार येतो नोंदीवर. पंचनाम्यात 'चिप नाही' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ चिप खरंच नव्हती, की रीडरची बॅटरी उतरली होती, की गजांमुळे वाचता आली नाही, की चिप जुन्या, वेगळ्या वारंवारतेची होती आणि हा रीडर ती ऐकतच नाही? 125 आणि 128 किलोहर्ट्‌झच्या जुन्या चिपा जगभर वापरात होत्या, आणि प्रत्येक रीडर सगळ्या वाचतो असं नाही. 'नाही' लिहिलं की दुसरी चिप बसते, आणि एकाच बिबट्याचे दोन बिबटे होतात. शिवाय पंधरा आकडे हाताने उतरवताना एक आकडा इकडचा तिकडे झाला तर चिपमधली सगळी पडताळणी फुकट गेली. रीडरच्या पडद्याचा फोटो नोंदीला जोडणं, आणि ती नोंद जुन्नर, अहिल्यानगर, नाशिक, ठाणे या सगळ्या वनविभागांना एकाच ठिकाणी पाहता येणं, यासाठी फार पैसा लागत नाही. बिबट्याला तालुक्याची हद्द नाही. आजोबाने ती कधीच दाखवून दिली.

चिपच्या संकेतांकात 999 हा आकडा चाचणीच्या चिपसाठी राखून ठेवलेला आहे. तशी एक चिप प्रत्येक रीडरच्या पिशवीत दोरीला बांधून ठेवावी. पिंजऱ्यापाशी पोहोचल्यावर आधी ती गजांच्या आत काडीच्या टोकाला धरून वाचून पाहायची, किती अंतरावरून वाचली ते लिहायचं, आणि मगच बिबट्याकडे वळायचं. त्यानंतर आकडा आला नाही तर पंचनाम्यात तीन गोष्टी याव्यात: रीडर कोणता, चाचणीची चिप किती बोटांवरून वाचली, आणि शोध किती मिनिटं, कुठून कुठपर्यंत घेतला.